पाहुण्यांच्या गाद्या

वरच्या घरातला पाइप फुटला आणि येरवड्याच्या हिंदुरावांच्या माळ्यावरच्या सगळ्या गाद्या पखालीसारख्या फुगल्या. गावाकडच्या पाहुण्यांसाठी म्हणून वर्षानुवर्षं जपलेल्या त्या गाद्या! बायकोनं टाकायचं नाव काढलं, की हिंदुराव ताटावरून उठायचे. आज त्या खाली ओढता ओढता दोघांच्या कंबरेचे काटे ढिले झाले.

"गच्चीवर वाळवू," हिंदुराव धापा टाकत म्हणाले. "लग्नसराईत भाऊबंद आले तर निजतील कशावर?"

"अहो, मागच्या लग्नाला सगळे लॉजवर उतरले," द्वारकाबाई म्हणाल्या. "आपल्याकडं नुसता चहा पिऊन गेले, तोही उभ्या उभ्या."

हिंदुराव ओल्या गादीवरच टेकले.

"खाली कचऱ्याची गाडी आलीय, तिला थांबव," शेवटी म्हणाले. "माझ्याच्यानं हाक मारवणार नाही."