पल्लवीचा बीबॉप आणि बागेतला भोंगा

आयुष्यात पंचवीस मिनिटं मी संगीताचा जाणकार होतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या लेकीनं, पल्लवीनं, सॅक्सोफोन शिकायला घेतला तेव्हा मी बोलून गेलो होतो, "हे त वरातीतल्या बँडवाल्याचं काम हाय!" तेव्हापासून तिनं माझ्याशी वाजवण्याचा विषयच बंद केला. मला ते फार लागलं. (कबूल केलं नाही. बाप ना!)

यंदा तिचा पहिला जॅझ अल्बम निघाला. तिनं पेन ड्राइव्ह धाडला, फोनवर बजावलं, "बाबा, हा बीबॉप हाय. लय जोरात पयते, चाल लवकर सापडत नाही. धीर धरून आयका!"

रविवारी ती अमरावतीहून मोर्शीला येणार होती. ती दारात पाऊल टाकेल तेव्हा अख्खी गल्ली तिचा अल्बम ऐकत बसलेली हवी, असं मी ठरवलं. टीव्हीखाली दोन पेन ड्राइव्ह होते. एक सकाळीच मंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, संत्र्याच्या बागेतल्या भोंग्यासाठी नेला. उरलेला मी गल्ली गोळा करून लावला.

ताडताड! धडाम! भो भो! थाळ्यांचा खणखणाट!

"हे काय हाय हो?" शेजारच्या काकू दचकल्या.

"बीबॉप! धीर धरा!"

भजनी मंडळात पेटी वाजवणारे गुलाबराव डोळे मिटून म्हणाले, "कुत्रं हुबेहूब काढलं पोरीनं! फुकनीतून, बरं का!" मी तर डोळे पुसले. (खरंच पुसले.)

पंचवीस मिनिटांनी पल्लवी दारात उभी.

"बाबा, हे काय आयकून राहिले तुमी?"

"तुहा अल्बम! काय दम हाय व तुह्यात!"

"बाबा, हे बागेतले वांदरं हाकलायचं रेकॉर्डिंग हाय!"

तेवढ्यात मंदाचा फोन. "अवो, भोंगा बिघडला काय? नुसता पेंपें करून राहिला! वांदरं पयत त नाहीच, वरतून बसून संत्री खाऊन राहिले!"

पल्लवीचा चेहरा उतरला. मी गाडी काढली, तिला मागं बसवून बाग गाठली. मंदाला अल्बम पहिल्यापासून लावायला सांगितला आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सगळा ऐकला. चाल सापडली नाही, पण माझी पोर त्यात धावताना, हसताना, रुसताना ऐकू येत होती.

"चुकलो व मी तवा," मी म्हणालो.

"ते जाऊ द्या. कुत्र्यायले दाद देली त्याचं काय?" म्हणत ती खो खो हसली. चार वर्षांनी माझ्यासमोर अशी हसली.

वानरं शेवटच्या सुरापर्यंत हलली नाहीत. तीन झाडं साफ! हल्ली पाहुणे विचारतात, घरात गाण्यातलं कळतं कोणाला? पल्लवी बागेकडे बोट दाखवते. मी खाली मान घालून संत्री सोलतो.