दगडावर कोण बसलंय

आमच्यात ऐरणीपुढच्या दगडावर पुरुषानं बसायचं आणि समोर उभं राहून घण बाईनं मारायचा, अशी रीत. आम्ही फिरते लोहार. लोखंड तापवायचं, सांडशीत धरून फिरवायचं, कुठे मार हवा ते खुणेनं दाखवायचं, शेवटी पाण्यात बुडवून कडक करायचं, ही सगळी बसून करायची कामं पुरुषाची. उरलं ते बाईचं. ऐरण बाईनं ओलांडायची नाही आणि त्या दगडावर तर चुकूनही टेकायचं नाही. लहानपणी मी एकदा खेळता खेळता तिथं बसले, तर बापानं नुसतं पाहिलं आणि आईनं पाठीत धपाटा घातला.

गावातली माणसं कोयता घ्यायला आली की आईकडे बघत राहायची. "काय ताकद हाय गो हिच्यात!" म्हणायची. शहरातून मोटारीनं येणारे तर उतरून फोटो काढायचे. मला या कौतुकाचा लहानपणापासून राग आहे. ताकदीचं कौतुक बैलाचंही करतात, पण त्याला ओटीवर बसवून चहा देत नाहीत. आईच्या हातात घण होता म्हणून आमच्या घरात तिचं चालत असेल असं कुणाला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. काय घडवायचं, कुठे मुक्काम करायचा, कुणाची मुलगी कुठे द्यायची, हे दगडावरचा माणूस ठरवायचा. घणाला कुणी विचारत नव्हतं.

मी जन्मले तेव्हा आमचं बिऱ्हाड मुरबाडकडून शहापूरकडे चाललं होतं. पुढे बैल म्हातारे झाले, ते विकले, गाडी मोडली आणि आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो. एका गावाच्या शेवटच्या घरापासून चांगली हाक ऐकू येणार नाही इतकं लांब, रस्त्याच्या कडेला. मुंबईला पाणी नेणारा मोठा पाइप तिथून जवळ आहे. त्याच्या झडपेतून गळणारं पाणी आम्ही हंड्यात धरायचो, कारण गावातल्या नळावर आमचा नंबर कधी लागत नसे. माझी दहावी तिथूनच झाली. तरी आजही गावात आम्हाला 'ते बाहेरचे लोहार' म्हणतात.

बापाचे हात मी वाशिंदला कामाला लागले त्या सुमाराला कापायला लागले. आधी चहाचा कप हलायचा, मग सांडशी हलायला लागली. तापलेलं पातं एकदा त्याच्या मांडीवर पडलं. त्या दिवसापासून आई दगडावर बसायला लागली. बाहेर कुणाला न सांगता, पडदा ओढून. घण मारायला मी असले तर मी, नाहीतर आईच एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात लहान हातोडा घेऊन रेटायची. मोठा मार द्यायचा असला की माझ्या सुट्टीची वाट बघायची. मी वाशिंदला चाळीत राहून कारखान्यात आठवडाभर खोकी चिकटवायची आणि रविवारी घण मारायची, अशी माझी चैन.

गिऱ्हाईक यायची वेळ झाली की आमचं नाटक सुरू. रविवारी रस्त्यावर कुणी दिसलं की मी म्हणायची, "बा, ऊठ." बाप खाटेवरून उठायचा, आई दगडावरून उठायची. तो बसायचा, ती पदर खोचून घण हातात घ्यायची. बाप सांडशी दोन्ही हातांनी घट्ट धरून मांडीवर टेकवायचा, म्हणजे थरथर दिसू नये. लोखंड थंडच असायचं, आई त्यावर दोन मार द्यायची आणि आधीच तयार झालेला विळा बाप गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "बुवा, तुमच्या हाताला तोड नाय," म्हणत माणूस निघून जायचा.

बापाला त्यावर हसू यायचं. आईला नाही. मी बापावर माया करत होते. पण त्यानं एकदा, फक्त एकदा, गिऱ्हाइकाला म्हणायला हवं होतं की हे माझं नाही, हिचं आहे. त्याला ते जमलं नाही. आई मला गप्प करायची. "माणसाचा मान ऱ्हाऊ दे," म्हणायची.

मुरबाडजवळच्या म्हशाची पौषातली जत्रा संपली आणि बाप गेला. दिवसपाणी झालं तसा मुरबाडकडे राहणारा माझा काका, म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, आईसमोर बसला. त्याचा मुलगा टेम्पो चालवतो. काकानं सरळ विषयाला हात घातला.

"वहिनी, ऐरण माझ्या पोराकडं जाणार. बाईमाणसाकडं ठेवायची रीत नाय."

"पोराला तिचं काय करायचं हाय? तो कुठं लोहारकी करतो?" आई म्हणाली.

"पूजंला तर लागंल. दसऱ्याला ऐरण पुजायला पुरुष नको?"

"मंग मी खाऊ काय?"

काका जरा घुटमळला. तो वाईट माणूस नाही, हेच त्याचं वाईट आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं. तो म्हणाला, "दसऱ्यापतुर ठेव. गावानं तुझ्या हातचं घेतलं, तुला आपली मानली, तर आमी कोण बोलणारे? नायतर दसऱ्याला येतो मी."

आईच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. दोन-तीन वर्षं या ऐरणीवर तुझ्या भावानं काहीच केलं नाही, हे तिला म्हणायचं होतं. पण मेलेल्या नवऱ्याची लाज चारचौघांत काढायची कशी? तिनं ते गिळलं. आपणच झाकलेलं आपल्यालाच उघडता येईना, अशी तिची गत झाली.

मग गावाची परीक्षा सुरू झाली. परीक्षा गावाची होती, नापास मात्र आई व्हायची होती. राब भाजायच्या, म्हणजे भाताच्या रोपांची जागा जाळून तयार करायच्या आधी झाडांच्या फांद्या तोडायला सगळ्यांना कोयते लागतात. दरवर्षी आमच्याकडे रीघ लागायची. या वर्षी माणसं यायची, आत डोकावायची, दगडावर आई बसलेली बघायची आणि विचारायची, "घरात कोनी नाय?"

"मी हाय की," आई म्हणायची.

"नाय, मंग येतो नंतर."

नंतर कुणी आलं नाही. एका म्हातारीनं निदान तोंडावर तरी सांगितलं. "राग मानू नको गो. पन कुकू नसलेल्या बाईनं घडवलेल्या इळ्यानं पयली कणसं कशी कापायची? वर्साचा दाना हाय." त्याच बाईच्या घरात आईनं घडवलेले निदान चार विळे असतील. त्यांनी कापलेला भात ती खाऊन बसली होती आणि तिला काही झालेलं नव्हतं.

मी गावच्या सरपंचबाईंकडे गेले. शिकलेल्या, भाषण चांगलं करणाऱ्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही एक कोयता आईकडून घ्या. तुम्ही घेतला की बाकीचे घेतील." त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "अगं, कोयत्याचं काय घेऊन बसलीस? महिला दिनाला आपण तिला स्टेजवरच बोलावू. सगळ्या गावासमोर घण मारू दे. बघ मग." मला ते पटलं. आईलाही पटलं. ती त्या दिवशी नवीन लुगडं नेसली.

ऐरण टेम्पोतून नेली. टेम्पो काकाच्या मुलाचाच. शाळेसमोर मांडव होता, भाता लावला, कोळसा पेटवला, समोर बायका बसल्या. सरपंचबाईंनी माइकवरून आईचं 'नारीशक्ती' वगैरे केलं. मग अडचण लक्षात आली. आई घण मारणार, पण सांडशी कोण धरणार? कुणीतरी काकाच्या मुलालाच पुढे ढकललं. लोहाराचा मुलगा, पुरुष, अजून काय पाहिजे? तो ऐरणीपुढच्या पाटावर ऐटीत बसला. सांडशी त्यानं उलटी धरली आणि नुसतं कोमट झालेलं लोखंड ऐरणीवर ठेवून आईला म्हणाला, "मार, काकू."

आईनं घण खाली ठेवला.

"ऊठ," ती म्हणाली.

तो हसला. आई पुन्हा म्हणाली, "ऊठ म्हनते ना." तो उठला. आई पाटावर बसली, सांडशी सरळ केली, लोखंड परत कोळशात सारलं आणि मान वर करून समोरच्या बायकांना म्हणाली, "घन मारायला या की गो कोनीतरी. आज तुमचाच दीस हाय ना?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकमेकींना कोपरानं ढोसलं. उठली कुणीच नाही. सरपंचबाई घड्याळाकडे बघायला लागल्या. लोखंड लाल झालं, पिवळं व्हायला लागलं, आणखी ठेवलं असतं तर जळालं असतं. मी चपला काढल्या आणि वर गेले. वाशिंदच्या चाळीत मी लोहाराची आहे हे फार कुणाला ठाऊक नाही, आणि इथे माझा फोटो निघत होता. निघू दे म्हटलं. आईनं बोटानं खूण केली तिथे मी घण घातला. ती फिरवत गेली, मी मारत गेले. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत त्या पट्टीचा विळा झाला. आईनं तो पाण्यात बुडवला तेव्हा चर्र आवाज झाला आणि टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात आईला मी तेवढं खूश कधी पाहिलं नाही.

शेवटी हळदीकुंकू झालं. तबक रांगेतून आलं, आईपाशी आलं आणि न थांबता माझ्यापाशी आलं. मी कपाळ मागे घेतलं. आईनं मला चिमटा काढून लावून घ्यायला सांगितलं. तो विळा सरपंचबाईंनी दोन्ही हातांनी स्वीकारला, कपाळाला लावला आणि ग्रामपंचायतीच्या काचेच्या कपाटात, क्रिकेटच्या ढालीशेजारी ठेवला.

आईनं मनाशी धरलं की आता काम येणार. पावसाळाभर ती विळे घडवत राहिली. प्रत्येक रविवारी मी घण मारायला जायची. कुडाला दोरी बांधून तिनं विळे ओळीनं टांगले. भात पोटरीला आला, लोंब्या वाकल्या, लवकर पिकणारी हळवी शेतं पिवळी झाली. दोरीवरचा एक विळा कमी झाला नाही. माणसं मुरबाडच्या बाजारातून यंत्रावरचे विळे घेऊन आली. त्यांची मूठ दोन दिवसांत हलते, हे त्यांनाही माहीत आहे. पण ते विळे कुणी घडवले ते दिसत नाही, हा त्यांचा मोठा गुण.

सरपंचबाईंच्या भातखाचरात कापणी चालली होती. मी बांधावर जाऊन बघून आले. सगळ्यांच्या हातात बाजारचे विळे.

"ताई, आईचा विळा?" मी विचारलं.

"अगं, तो आठवण म्हणून जपून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "कापायला नको म्हणाले घरातले. तू समजून घे." गेली कित्येक वर्षं मला सगळ्यांचं समजून घ्यायला सांगतात. मी बांध उतरून निघाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काका आला. मुलगा टेम्पो घेऊन बरोबर. काकानं दोरीवरच्या विळ्यांकडे पाहिलं आणि त्याला विचारावं लागलं नाही. ऐरण जमिनीत पुरलेल्या ओंडक्यातून उपसायला मुलगा पहार घेऊन वाकला, तेव्हा मात्र आईचं तोंड फुटलं.

"दोन-तीन वर्सं तुझ्या भावानं सांडशी धरली नाय! त्याला कप धरवत नव्हता. सगळं मी केलंय. या दगडावर मी बसत होते. आता झालं? घातला त्याचा मान मातीत!"

मला वाटलं, आता काका दचकेल, निदान खाली बघेल. तो शांतपणे म्हणाला, "म्हाईत हाय, वहिनी."

काका आईकडे वळला.

"आमाला म्हाईत हाय, गावालाबी म्हाईत होतं. कोनाला दिसत नव्हते त्याचे हात? पन तवा दगडावर मानूस बसलेला होता ना."

आई मटकन खाली बसली, नेमकी त्याच दगडावर. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही, कारण आता तिथे बसण्यात काही उरलं नव्हतं. बापाचा मान राखायला ती एवढे दिवस ओठ शिवून बसली होती, आणि राखण्यासारखं त्यात काही नव्हतंच. सगळं गाव तिचे विळे तिचेच म्हणून घेत होतं. फक्त देणारा हात पुरुषाचा हवा होता. एवढ्याचसाठी आम्ही बापाला खाटेवरून उठवत होतो.

त्यांनी ऐरण टेम्पोत चढवली. ओंडका उपटून नेला, भाता नेला, सांडशा नेल्या. मुलगा परत आत आला आणि भिंतीला टेकवलेला घण उचलायला लागला. काकानं त्याला थांबवलं.

"तो ऱ्हाऊ दे. घन बाईचा असतो."

खरंच आहे. रीत म्हणजे रीत, त्यांनी आईच्या वाट्याचं काही नेलं नाही. ऐरण आता काकाच्या ओसरीत आहे, वर्षातून एकदा तिला हळद लागते. आमच्या जमिनीत ओंडक्याच्या जागी एक खड्डा राहिलाय, त्यात पावसाचं पाणी साचतं. झोपडीचं दार वाऱ्यानं आपटतं म्हणून आई त्याला घण लावून ठेवते.