अक्कांचं चादरीचं जाकीट

कपडे शिवून घ्यायला आलेल्या बाईच्या मानेवर आमच्या शिंपीण अक्का आधी पालथा हात टेकवायच्या. टेप नंतर. "हिला थंडी लई वाजती," किंवा "हिच्या अंगात चूल हाय," असा निकाल लागला की मगच कापडाचं बोलणं. सोलापुरात थंडी पडते ती जेमतेम आठ-दहा पहाटा. पण तेवढ्यासाठी भवानी पेठेतल्या त्यांच्या मशीनवर दिवाळीपासूनच बाह्या लांब व्हायला आणि गळे वर चढायला लागायचे.

अक्का घरात कानडी बोलत, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि बेलबॉटम, मॅक्सी यांचे ते दिवस होते. मासिकातलं चित्र घेऊन मी त्यांच्याकडे जायचे. अक्कांना त्या चित्रातल्या बाईचीच दया यायची.

"यव्वा, हिच्या बाह्या कुटं गेल्या?"

"अक्का, ती फॅशन आहे."

"आसू दे की. पर सर्दी झाल्यावर ही नाक कशाला पुसंल?"

एका वर्षी कॉलेजनं मला वक्तृत्व स्पर्धेसाठी दिल्लीला पाठवायचं ठरवलं, तेही जानेवारीत. मला जिंकायचं तर होतंच. पण त्याहून जास्त, सोलापूरची दिसायचं नव्हतं. मी बिनबाह्यांची टेरिलीनची मॅक्सी शिवायला टाकली. अक्कांनी चकार शब्द न काढता चित्राबरहुकूम शिवून दिली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

निघायच्या दिवशी त्या गाठोडं घेऊन घरी आल्या. आत जाकीट होतं. सोलापुरी चादरीचं, डाळिंबी रंगाचं, पाठीवर समोरासमोर दोन मोर. ज्या चादरीखाली अख्खं गाव घोरतं, ती अंगात घालून मी दिल्लीत भाषण करायचं! "म्याक्सीवर लई उठून दिसंल बग," अक्का म्हणाल्या. मी तोंडभर हसले आणि जाकीट ट्रंकेच्या तळाशी कोंबलं.

भाषणाचा विषय होता 'निसर्गावर मानवाचा विजय'. बिनबाह्यांच्या मॅक्सीत मी तो सांगायला उभी राहिले आणि माझ्या दातांनी माझ्याआधी बोलायला सुरुवात केली. परीक्षकांना वाटलं, पोरगी घाबरली. एकानं माझ्यासाठी पाणी मागवलं, तेही बर्फासारखं गार. उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळालं नाही.

परत निघताना ट्रंक आवरत होते, तर मी उतरले होते त्या वसतिगृहाच्या खोलीतल्या दिल्लीच्या मुलीला ते जाकीट दिसलं. तिनं ते उचललं, अंगात चढवलं, पुढून उघडंच ठेवलं आणि आरशासमोर गिरकी घेतली. बाकीच्या मुली धावत आल्या. कुठं मिळालं, कुणी शिवलं! तिनं ते मागितलं आणि मी मेहेरबानी केल्यासारखं देऊन टाकलं. दिल्लीत जाकीट उघडं घालतात, एवढं ज्ञान मात्र मी घरी घेऊन आले.

"जाकीट कुटं हाय?" अक्कांनी विचारलं.

"तिथल्या एका मुलीनं मागितलं. दिलं."

एवढं खरंच होतं. पण दुसऱ्या दिवशी पेठेत वेगळीच कथा फिरत होती. "कुडकुडणाऱ्या पोरीला सोताच्या अंगातलं काडून दिलं की हिनं!" अक्का येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या. आईच्या मैत्रिणी आपापल्या मुलींना माझा दाखला देऊ लागल्या. मीही मान खाली घालून विनयानं उभी राहायला शिकले. एकालाही खरं सांगितलं नाही.

दोन वर्षांनी अक्कांची नजर अधू झाली आणि त्या अक्कलकोटला भावाकडे कायमच्या राहायला निघाल्या. मशीन पोत्यात बांधायला मी मदत करत होते. राहवेना, म्हणून सांगून टाकलं, "अक्का, ते जाकीट मी अंगात घातलंच नव्हतं."

"ठावं हाय की," त्या गाठ मारत म्हणाल्या. "काजं केली, पर बटनं लावायचीच राहिली व्हती. तुजी गाडी गेल्यावर माज्या सुईदोऱ्याच्या डब्यात घावली. घातलं आसतंस तर आल्या आल्या भांडली आसतीस माज्याशी."

"मग पेठभर तसं का सांगितलंत?"

"हरून आली व्हतीस. जो भेटंल तो तेच इचारला आसता. म्हटलं, त्यापरीस जाकिटाचं इचारू दे की."

ज्यांना मी गावंढळ समजत होते, त्यांनी माझी अब्रू झाकली होती, आणि दोन वर्षं मला त्याचा पत्ताही नव्हता. मला लाज वाटली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती कपड्यांची नव्हती.