रोज एकच विचारणारे नाना

नानांनी माझ्या दुकानात पाऊल टाकलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ माझं औषधांचं दुकान आहे. नाना जवळच्या ओवे गावाहून यायचे, बहुधा काहीही विकत न घेता. काउंटरवर कोपर टेकवून म्हणायचे, "बाय, आज एकच सांग. दोन नको, डोक्यात राहत नाय."

शेती गेली, मुलांनी इमारत बांधली, भाडं येऊ लागलं आणि साठी उलटलेल्या नानांचा सकाळचा वेळ रिकामा झाला. शाळा चौथीपर्यंत. माझ्याकडे ते प्रथम इंग्रजी अक्षरं शिकले, औषधांच्या खोक्यांवरून, दिवसाला एक. आदल्या दिवशीचं म्हणून दाखवल्याशिवाय नवीन घ्यायचे नाहीत. समोर चार गिऱ्हाइकं ताटकळत असायची आणि हे मोठ्याने सांगत, "काल क्यू झाला. क्यूला शेपटी हाय."

अक्षरं संपली तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्याच दिवशी नाना हजर. "ही गोली पोटात जाते, मग डोका दुखायचा कसा थांबतो?"

"नाना, तुम्हाला काय करायचंय?"

"करायचा काय नाय. कळला पायजे."

मी चिडून चुकीचं काहीतरी सांगून कटवायचे, तर चार दिवसांनी तेच वेगळ्या शब्दांत विचारायचे आणि मी पकडली जायचे. शेवटी खरं सांगण्यातच कमी त्रास होता.

एकदा त्यांच्या बहिणीला ताप आला. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या होत्या. दुकानात गर्दी होती, मी भराभर औषधं दिली. अर्ध्या तासात नाना परत. काउंटरवर दोन पाकिटं ठेवली आणि बारीक अक्षरांवर बोट टेकवलं.

"दोनींवर एकच नाव हाय. दोनी देऊ?"

"नाना, आता नाही, गर्दी बघा," असं म्हणतच मी वाचलं. सर्दीच्या गोळीत तेच औषध होतं जे तापाच्या गोळीत. दोन्ही मिळून डोस फारच जास्त झाला असता. मी एक पाकीट मागे ओढलं.

"एकच द्या," मी कसंबसं म्हटलं. "चुकलं माझं."

"मना वाटला, मी शिकलो का बघायला तू मुद्दाम दिलंस," नाना म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे काही महिन्यांनी ते यायचे बंद झाले. आजारी पडले की काय, या काळजीत मी होते. तर एक दिवस बाजारात पंप दुरुस्त करणाऱ्याच्या स्टुलावर बसलेले दिसले. हात ग्रीसने काळे.

"नाना, आमच्याकडे येत नाही ते?"

"तुझ्याकडचा संपला, बाय. दोन महिने तू मना जुनाच सांगत होतीस." सहज म्हणाले आणि पुन्हा पंपाच्या मोटारीकडे वळले.

संताप संताप झाला. माणसाला काही रीत? पण दुपारी दुकान शांत झाल्यावर एका नव्या औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली माहितीची चिठ्ठी मी उलगडली. वीस वर्षं अशा चिठ्ठ्या न वाचता केरात टाकत आले होते. निम्मं कळलं नाही. मग कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन लावून त्यातला एकच शब्द विचारला. तिचंही दुकान आहे.

"अगं, गिऱ्हाइकं उभी आहेत," ती वैतागली. "एवढ्यासाठी फोन केलास?"

"हो," मी म्हटलं. "सांग ना."