खिडकीचा गज

चिंचणीच्या विष्णू तांडेलची अख्खी नोकरी केरळात, थुंब्याला झाली. उंचावरची हवा तपासायला जाणाऱ्या छोट्या रॉकेटांत तो घन इंधन भरायचा. अंगातल्या विजेची ठिणगी पडली तर आतली सगळी माणसं जळतील, म्हणून खोलीत शिरण्याआधी तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, हा तिथला नियम.

निवृत्त होऊन गावी आला, तरी दाराशेजारच्या खिडकीच्या गजाला हात लावल्याशिवाय त्याचं पाऊल घरात पडेना.

"इथं कसलं आलंय मेलं रॉकेट?" सुके बोंबील निवडता निवडता त्याची बायको चंद्रावती आतून करवादायची.

"आत तू आहेस ना," तो म्हणायचा.

गेल्या दिवाळीत चंद्रावती वारली. आता विष्णू कुलूप काढतो आणि सरळ आत शिरतो. गजाकडे बघतसुद्धा नाही.