कॉमाने जोडलेली पोरं

"बाई, तुमच्या वस्तीत असंच असतं का हो? कोणाचंही पोर कोणाच्याही नावावर?"

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. अख्खं ऑफिस हसलं. अन् मीही हसले. तोंडाला पदर लावून, नव्या नवरीसारखी. आज आजी झाले, पण त्या हसण्याची शरम काही गेली नाही.

वर्ध्यातलं लसीकरणाचं ऑफिस. मी तिथे कॉम्प्युटरवर. वस्तीतली पहिलीच, म्हणून तोरा केवढा. चप्पलसुद्धा टाचेची. कॉम्प्युटरमधल्या एका टेबलात, म्हणजे यादीत, आया, दुसऱ्यात लेकरं. दोन्ही जोडायची होती. तेव्हाची आमची रीत अशी, की दोन्ही टेबलांची नावं लिहायची, मध्ये कॉमा, अन् कोणतं लेकरू कोणत्या आईचं ही अट खाली, व्हेअर हा शब्द लिहून त्याच्यापुढे. मी कॉमा दिला. अट विसरले. मशीन काही बोललं नाही. प्रत्येक आईला प्रत्येक लेकरू चिकटवून मोकळं झालं. प्रिंटर कागद ओकत राहिला अन् ही शहाणी ऐटीत बघत राहिली, आपण केवढं काम काढलं म्हणून.

चूक माझी. त्यासाठी रागावले असते तर ऐकून घेतलं असतं. पण साहेबांना किस्साच सापडला. नागपूरहून पाहुणे आले की मला हाक. "बाई, तो तुमच्या वस्तीचा किस्सा सांगा." अन् मी सांगायची. हातवारे करून. नोकरीची भीती होतीच. पण खोटं कशाला बोलू, साहेबांनी हसावं असंही वाटायचं.

एकदा अशीच सांगत होते. दारात आमच्या गल्लीतली शांताकाकू उभी, नातवाला लस द्यायला आलेली. तिनं सगळं ऐकलं. बाहेर गाठून एवढंच म्हणाली, "आमाले काऊन हासून राह्यली व? तू कुठली होय मंग?"

मला जमिनीत जावंसं वाटलं.

पुढच्या खेपेला साहेबांनी हाक मारली. पाहुणे चहा पीत होते.

"नाई सांगत."

"अहो, गंमत आहे."

"चूक माही होती साहेब. माह्या वस्तीची नाई. हासाचं असन त मले हासा."

साहेब पाहुण्यांना म्हणाले, "यांना आता थट्टाही सोसत नाही." मग कितीतरी दिवस मला कामच दिलं नाही.

त्या रिकामपणात टेबलं जोडायची दुसरी रीत शिकले, जॉईनची. कॉमाऐवजी जॉईन म्हणायचं, अन् तिथल्या तिथे ऑन लिहून सांगायचं, कोण कोणाचं. आमच्या मशीनवर ऑन गाळला की ते अडायचं. पुढे सरकायचंच नाही. मला मात्र अडायला शांताकाकू लागली.

नात आता हेच शिकते. परवा म्हणाली, "आजी, कॉमानंही चालते न व."

"चालते. अट विसरली तरी चालते. म्हणूनच लिहू नको."

आता कोणी वस्तीवर विनोद केला की मी हसत नाही. त्याच्या तोंडाकडे बघत बसते, त्याचं हसू विझेपर्यंत. नातीलाही तसंच बसायला लावणार आहे. जॉईन नंतर. आधी हे.