डाकोटा आणि बारा-तेराचा पाना

वरकुट्यात हिंदुराव मिसाळांच्या गोठ्याला लागून पत्र्याची शेड आहे. तिच्या भिंतीवर पांढरा रंग दिलेली प्लायवूडची फळी आहे आणि फळीवर काळ्या रंगाने अवजारांच्या आकृत्या काढलेल्या आहेत. पान्याच्या जागी पान्याची, पकडीच्या जागी पकडीची. वापरलेले अवजार आपल्या आकृतीवर परत जाते. एक जरी आकृती रिकामी राहिली, तरी ज्या यंत्रावर काम केले ते चालू करायचे नाही. मग तो ट्रॅक्टर असो, विहिरीवरची मोटर असो की शेजाऱ्याचे कडबाकुट्टीचे यंत्र.

गावाला हा नियम चेष्टेपुरता ठाऊक आहे. एकदा मळणीयंत्र चार तास उभे राहिले, कारण स्क्रू-ड्रायव्हर सापडत नव्हता. शेवटी तो स्वयंपाकघरात निघाला. हिंदुरावांच्या बायकोने, कुशाबाईंनी, डब्याचे झाकण उचकटायला नेला होता. चार माणसांत नवऱ्याने जाब विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझी सांडशी बी काढा की फळीवर. ती बी तुमीच पळवता." दुसऱ्या दिवशी हिंदुरावांनी सांडशीची आकृती काढली. ती अजून आहे, आणि चुलीपुढचे काम संपले की सांडशी तिथेच टांगली जाते.

हिंदुराव पंचाहत्तरीला टेकले आहेत. अठराव्या वर्षी हवाई दलात भरती झाले आणि पंधरा वर्षे फिटर म्हणून राहिले. त्यातली बहुतेक वर्षे डाकोटांवर गेली. डाकोटा म्हणजे दोन पंख्यांचे, मालाची आणि माणसांची ने-आण करणारे जुने विमान. उड्डाणाआधी फिटरने कागदावर सही करायची, की माझे काम पुरे झाले आणि माझी हत्यारे माझ्याकडे आहेत.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली एका सकाळी त्यांनी अशी सही केली. तिथेही हत्यारांची अशीच फळी असे आणि तीवर अर्ध्या इंचाच्या पान्याची जागा रिकामी होती. जोडीदाराकडे असेल, असे ते धरून चालले. विमान गेल्यावर कळले, की जोडीदाराकडे नाही. त्यांनी स्वतःच जाऊन वरिष्ठांना सांगितले आणि धावपट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिले. सव्वादोन तासांनी विमान सुखरूप उतरले. पाना शेपटीत, सुकाणूच्या तारांपासून वीतभर अंतरावर पडला होता. चौदा दिवसांची शिक्षा झाली, बढती लांबली. या प्रकाराबद्दल ते यापेक्षा जास्त बोलत नाहीत. एक सवय मात्र तेव्हापासून लागली. आपण हात लावलेले विमान उतरल्याशिवाय ते जेवत नसत.

डाकोटा सेवेतून गेले, हिंदुराव गावी येऊन उसाला लागले. पुढे कित्येक वर्षांनी एक डाकोटा दुरुस्त होऊन पुन्हा उडू लागले आणि काही वर्षी दिल्लीच्या संचलनात दिसू लागले. मधे ते, दोन्ही बाजूंना नवी विमाने. टीव्हीवर मिनिटभरही नाही. त्या मिनिटासाठी हिंदुराव धुतलेली टोपी घालून बसतात. आणि सवय तिथेही सुटलेली नाही. टीव्हीवर विमान जाते, पण उतरलेले कोणी दाखवत नाही. "इमान वर हाय तवर ह्यांचा उपास," असे कुशाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

अशाच एका वर्षी सव्वीस जानेवारीला डाकोटा येणार, हे नात श्रेयाने आठवडाभर आधीच सांगितले होते. ती बारामतीला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आली होती. झेंडावंदन उरकून हिंदुराव घरी आले, तर पुतण्या रणजितचा ट्रॅक्टर दारात. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या.

"आबा, पंख्याचा पट्टा ढिला पडलाय. इंजिन तापतंय."

"आजच तापायचं हुतं व्हय?"

"त्याला काय ठावं, आज तुमचं इमान हाय ते."

हिंदुरावांनी डायनामोचे बोल्ट सैल केले, पट्टा ताणला, बोल्ट पुन्हा आवळले. साडेअकरा वाजले. हात पुसत ते हत्यारे टांगायला गेले. बारा-तेरा मापाच्या पान्याची आकृती रिकामी होती.

ते परत आले. रणजित चढून बसला होता, हात किल्लीवर. हिंदुरावांनी किल्ली काढून खिशात टाकली.

"आबा, कारखान्यावर नंबर लागायचाय! पाना काय, उद्या इंदापुरातनं नवा आणतो."

"नवा घालून जुना सापडतो का? उतर खाली."

दोघांनी जमीन पाहिली, ट्रॉलीखाली पाहिले, रणजितचे खिसे पाहिले. श्रेया बाहेर आली. आतून कुशाबाई ओरडल्या, "अवं, यायलंय बगा! एकदा गेलं की गेलं!"

"आबा, तुम्ही जा. मी शोधते," श्रेया म्हणाली.

"सही कोण करणार, तू?"

त्यांचा हात इंजिनाखाली होता. घरातून निवेदकाचा आवाज आला. डाकोटा हे नाव स्पष्ट ऐकू आले. हिंदुराव क्षणभर थांबले, मान वळली नाही. मग टाळ्या, मग दुसऱ्याच विमानांची नावे.

"गेलं," कुशाबाई दारात येऊन म्हणाल्या.

पाना श्रेयाला दिसला. मोबाइलचा उजेड तिने रेडिएटर आणि पंखा यांच्या मधल्या फटीत धरला होता. पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या काठावर, पात्यापासून चार बोटांवर तो आडवा ठेवलेला होता. इंजिन हादरले असते, की आत पडला असता.

रणजितने फटीत पाहिले. "म्या न्हाय हं ठेवला, आबा."

"म्या ठेवला," हिंदुराव म्हणाले. "ते इमान डोक्यात हुतं. घाई केली."

पाना पुसून त्यांनी आकृतीवर टांगला, फळी वरपासून खालपर्यंत एकदा पाहिली आणि किल्ली रणजितच्या हातात दिली. "पोचलास की फोन कर."

ट्रॅक्टर गेल्यावर श्रेयाने मोबाइलवर संचलन मागे नेऊन लावले. हिंदुरावांनी ते उभ्यानेच पाहिले. मधे जाड पोटाचे डाकोटा, मागे दोन्ही अंगांना एकेक नवे विमान.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. दुसऱ्यांदा पाहून बोलले, "बाजूची दोन्ही लगाम ओढून चालल्यात. मधलं आपल्या चालीनं चाललंय. अवघड काम बाजूच्यांचं हाय."

कुशाबाईंनी ताट वाढले होते. "आता तरी बसा. भाकरी निवली."

"उतरलं का ते?"

श्रेयाने शोधून पाहिले. "असं कुणी सांगत नाही, आबा. उतरलंच असेल की."

"असंल म्हणून चालत न्हाय," ते म्हणाले आणि ताटापासून हातभर लांब, भिंतीला टेकून बसले. कुशाबाईंनी ताटावर ताट उपडे घातले. नातीकडे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. श्रेयाने तो स्पीकरवर टाकला. मागे ट्रॅक्टरांचे आवाज होते.

"आबा, कारखान्याच्या वजनकाट्यावर आलो. इंजिन गार हाय. जेवा आता."

"पट्टा बघितलास?"

"बघितला. ताठ हाय."

हिंदुरावांनी वरचे ताट बाजूला केले आणि भाकरी मोडली.